जुडग्यातली किल्ली

मिल बंद पडून बरेच महिने झाले होते, पण धोंडिबा जमादाराच्या कमरेचं किल्ल्यांचं जुडगं काही सुटलं नव्हतं. पलटणीतून पेन्शन घेऊन आल्यावर तो मिलच्या मोठ्या गेटवर जमादार म्हणून लागला, आणि भोंगा कायमचा थांबेपर्यंत त्याच गेटवर उभा राहिला. पुढे मालकांनी गेटला नवं कुलूप ठोकलं, त्यावर सील लावलं, आणि धोंडिबाकडच्या किल्ल्या एकाही कुलपाला लागेनाशा झाल्या. तरी हा माणूस रोज सकाळी आंघोळ करून, मिशीला तेल लावून, जुडगं अडकवून त्या बंद गेटसमोर जाऊन बसायचा. समोरचा चहावाला सोडला तर तिथे त्याला कुणी विचारत नव्हतं. घरात मात्र ते जुडगं खुळखुळलं की सगळे सावध व्हायचे, आणि सगळ्यांत आधी त्याची मुलगी धम्मदीना.

बापाच्या नाकावर माशी बसत नसे, तशी लेकीच्याही नसे. त्यामुळे एका घरात राहून दोघं एकमेकांशी बोलण्यापेक्षा एकमेकांवर बोलत. अलीकडे त्या भांडणाला एक धड कारण मिळालं होतं. ते कारण पलंगाखालच्या लोखंडी पेटीत, कुलपात होतं. पॉइंट टू-टूची रायफल.

ही रायफल कुणाला मारायची नव्हे, कागदावरच्या काळ्या गोलात भोकं पाडायची. पलटणीत नेमबाजीची बक्षिसं मिळवलेल्या धोंडिबाला त्याच जोरावर तिचं लायसन्स मिळालं होतं. थोरला पंचशील मिलमध्ये लूमवर लागला तेव्हा त्याला त्या भोकांत काडीचा रस नव्हता, म्हणून बापाने विरंगुळा म्हणून मुलीला शिकवलं. मुलगी निघाली तिखट. कॉलेजच्या एनसीसीत पहिली, मग राज्याच्या स्पर्धेत मेडल. पंचशील तेव्हा हसायचा. "काय फौजदारीणबाई, आज किती कागद मेले?" म्हणायचा. मग मिल बंद पडली आणि त्याचं हसू गेलं. त्याच सुमाराला बातमी आली की रेल्वे खेळाडूंच्या कोट्यातून रायफलची एक जागा भरणार, मुलगा असो की मुलगी, इंदूरजवळच्या महूच्या रेंजवर ट्रायल.

धोंडिबाने बातमी ऐकली, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "चला, पंचशीलची सोय झाली."

धम्मदीना तिथेच मेथी निवडत बसली होती. तिने मान वर केली. "कुणाची?"

"तुझं काय, लग्न होऊन जाशील. त्याचं कसं होणार?"

"मेडल माझं, मेहनत माझी, आणि नोकरी त्याची? ये कौनसा हिसाब आहे, बाबा?" तिने भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे मेथीची काडी रोखली. "जरा यांच्याकडे तोंड करून बोला हे."

धोंडिबाने तसबिरीकडे पाहायचं टाळलं. "लायसन्स माझ्या नावाचं आहे," तो म्हणाला, आणि तिथे वाद मिटला. लायसन्स खरंच त्याचं होतं. तो समोर नसेल तर रेंजवर रायफलीला कुणाला बोटसुद्धा लावता येत नव्हतं. आई कौसल्या चुलीपाशी होती. ती मूग गिळून बसली, कारण मुलगा घरात बसलेला तिला बघवत नव्हता, आणि मुलीचं म्हणणं खोटं आहे असंही तिला म्हणवत नव्हतं.

अशी रायफल एक आणि भावंडं दोन झाली. दर रविवारी बाप दोघांना घेऊन महूला जायचा. पंचशील हुशार होता, हात स्थिर होता, लवकर शिकला. पण बहिणीच्या पुढे काही जाता येईना. एका रविवारी तिचा कागद पाहून त्याचं डोकं असं सटकलं, की त्याने रायफल सिमेंटच्या ओट्यावर आपटली. दस्ता, म्हणजे रायफलीचा लाकडी भाग, जो खांद्याला लावतात आणि ज्यावर गाल टेकून नेम धरतात, तो पकडीपाशी उभा तडकला. धम्मदीनाने त्या दस्त्यावर आपल्या गालाच्या मापाने फडक्याची घडी करून पट्टी गुंडाळलेली होती. ती पट्टी तेवढी शाबूत राहिली.

"लाकूड जुनं होतं," धोंडिबा म्हणाला.

"लाकूड जुनं होतं की दादाचं डोकं?" ती म्हणाली.

नवा दस्ता हवा होता, आणि तो मिळण्यासारखा इंदूरमध्ये एकच माणूस होता. अन्नपूर्णेच्या देवळामागच्या गल्लीत सुधाकरजी राहायचे. बँकेतले साहेब, एके काळचे नामी नेमबाज. आता त्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा गेला होता आणि तोंडात सगळ्या जगासाठी शिव्या होत्या. "आयुष्यभर परमिटं मागत फिरलो तेव्हा डोळा होता," ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. "आता सरकारने बाहेरच्या मालाला दरवाजे उघडले, तर दिसत नाही. घ्या!" डोळा जाण्याआधी त्यांनी हौसेने दोन दस्ते मागवले होते. दोन्ही धोंडिबाच्या रायफलीला बसणारे, दोन्ही न वापरलेले.

त्यांनी ते दिवाणावर आणून आपटल्यासारखे ठेवले. "यातला एक देतो. दोन्ही द्यायची इच्छा नाही, खरं तर एकही द्यायची नाही."

पहिला अक्रोडाच्या लाकडाचा होता. तपकिरी, चकचकीत, पकडीपाशी बारीक जाळीचं कोरीव काम. सगळा एकसंध. दुसरा पाहून पंचशीलला हसू फुटलं. तो राखाडी-निळ्या थरांच्या लाकडाचा होता, मधे भलं मोठं भोक, गाल टेकायची पट्टी दोन दांड्यांवर उभी, खांद्याला लागणारी पाटी रुळावर मागेपुढे सरकणारी, आणि जिथे तिथे आकडे आणि स्क्रू.

"हे काय सुधाकरजी? सलूनच्या खुर्चीचं डोकं उचकटून आणलं का?"

"तुझ्या डोक्याला तेच लागतं," सुधाकरजी म्हणाले.

धोंडिबाचा हात आधीच अक्रोडावर गेला होता. त्याने तो खांद्याला लावला आणि त्याचा चेहरा एकदम तरुण झाला. पलटणीचा माणूस, त्याला लाकूड म्हणजे लाकडासारखं दिसायला हवं होतं. "बंदूक अशी पाहिजे," तो म्हणाला. पंचशील फरशीवर पालथा झोपला, सुधाकरजींनी दस्ता सोबत आणलेल्या रायफलीवर चढवून दिला आणि त्याचा गाल त्याच्यावर असा बसला, की माप घेऊन करवलाय असं वाटावं.

मग धम्मदीना झोपली. तिने गाल टेकला. तिचा चेहरा लहान, त्यामुळे डोळा नेम धरायच्या भोकाच्या खालीच राहिला. काळा गोल दिसायच्या ऐवजी तिला नुसतं लोखंड दिसत होतं.

"मी याला फडकं बांधीन," ती उठत म्हणाली.

"याला चिंध्या बांधायच्या नाहीत," धोंडिबा म्हणाला. "एवढं देखणं लाकूड."

तिला एका क्षणात सगळं समजलं. अक्रोड घरी गेला की ती संपली. कुणाला तिला नाही म्हणायचीसुद्धा गरज उरणार नव्हती, लाकूडच तिला नाही म्हणणार होतं. तिला ओरडावंसं वाटलं. पण बापावर ओरडून आजवर काय मिळालं होतं ते तिला चांगलं माहीत होतं, म्हणून तिने आयुष्यात पहिल्यांदा गोड आवाज काढला.

"बाबा, दादाकडे बघा जरा. मिल बंद झाल्यापासून केवढा सुकलाय. गाल आत गेलेत. हा अक्रोड आजच्या दादाला बसतोय. उद्या नोकरी लागली, वेळेवर जेवायला लागला, अंगावर मांस चढलं, मग? रेल्वेवाले त्याला दिल्लीला खेळायला पाठवतील तेव्हा त्याच्या मापाचा दस्ता कुठून आणाल? याला नुसता स्क्रू फिरवला की झालं."

धोंडिबाने मुलाकडे पाहिलं. नोकरीत सुखावलेला, गाल भरलेला पंचशील त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला असावा, कारण अक्रोडावरचा त्याचा हात हळूच सुटला. पंचशीलने मात्र बहिणीकडे संशयाने पाहिलं. "आज माझी लई फिकर, क्या बात है?"

सुधाकरजींचा एक डोळा गेला होता, दुसरा नव्हता गेला. त्यांनी धम्मदीनाकडे असं पाहिलं की ती लाजली. "ठीक. हा घेऊन जा," ते धोंडिबाला म्हणाले. "पण एक शर्त. ट्रायलला ही पण खेळेल. नाहीतर दोन्ही माझ्या घरात राहतील आणि वाळवी खाईल."

"तुमचं काय जातंय हिच्यात?" धोंडिबा तडकला.

"माझं सगळं गेलंय, जमादारसाब. म्हणूनच सांगतोय."

आपल्या घरात काय व्हावं हे अन्नपूर्णेतल्या साहेबाने ठरवायचं, हे धोंडिबाला मिरचीसारखं झोंबलं. पण दस्ता हवा होता. "खेळेल," तो शेवटी म्हणाला. "पण नंबर पंचशीलचे राहतील. खेळात उलटसुलट फिरवाफिरवी नको. हा फिरवतात कशाने?"

सुधाकरजींनी कागदाच्या पुडीतून वाकड्या काडीसारखी एक छोटी सहा कोनी किल्ली काढली. एलन की. धोंडिबाने ती घेतली, कमरेचं जुडगं सोडलं, आणि मिलच्या गेटच्या, गोदामाच्या, टाइम ऑफिसच्या निकामी किल्ल्यांच्या शेजारी तिला अडकवून दिलं. "आता ही माझ्याजवळ," तो म्हणाला.

घरी अंगणात त्याने पंचशीलला चटईवर झोपवलं. उन्हाळा होता. पंचशील बनियनमध्ये होता. बापाने पलटणीत शिकवतात तसं त्याला कोपर टेकायला लावलं, गाल टेकायला लावला, पाटी पुढेमागे केली, पट्टी वरखाली केली आणि समाधान झाल्यावर स्क्रू करकचून आवळले. गालाचा आकडा चार, खांद्याचा आकडा सहा. धम्मदीना ओट्यावर बसून बघत होती.

"बनियनवर माप घेताय, बाबा," ती म्हणाली. "शूटिंगचा कोट घालून घ्यायचं असतं. जाड कॅनव्हासचा असतो तो."

"आम्ही खाकी शर्टात बक्षिसं घेतली."

"मग दादाला माझा कोट द्या, घालून बघू दे."

"बाईचा कोट?" पंचशील चटईवरूनच म्हणाला. "मी घालणार तिचा कोट? पागल समझा है क्या?"

एनसीसीच्या मॅडमनी मिळवून दिलेला तो कोट घरात एकच होता, आणि त्याच्या लेखी तो बाईचा होता. धम्मदीनाने खांदे उडवले. एकदा सांगितलं होतं, पुन्हा सांगायला ती काही त्याची मास्तरीण नव्हती.

रायफल साफ करायचं काम मात्र तिचंच होतं. मान कुणाचा आणि पुसापुशी कुणाची, हे त्या घरात कधीच ठरलेलं होतं. सकाळी पंचशीलचा बिनगोळीचा सराव झाला की धोंडिबा रायफल तिच्या हवाली करायचा आणि गेटवर जाऊन बसायचा. परत आला की पेटीला कुलूप. पंचशीलही कुणाकुणाकडे कामाची चौकशी करायला बाहेर पडायचा. मधला वेळ घरात ती, आई आणि रायफल.

पहिले काही दिवस तिने खरंच फक्त पुसलं. भोकातून पाहिलं की लोखंड दिसायचं आणि डोळ्यांत पाणी यायचं. मग एके दिवशी स्टोव्हची पिन आणायला ती सियागंजच्या बाजारात गेली. हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर एका डब्यात वाकड्या काड्यांचा ढीग पडलेला होता. लहान, मोठ्या, सगळ्या सहा कोनी.

"भिया, ही काय चीज आहे?"

"एलन की है, बेन. सब मशीन में लगती है. कौनसा नंबर दूँ?"

ती काउंटरला धरून उभी राहिली. बापाला वाटत होतं की किल्ली म्हणजे एका कुलपाची एकच असते, आणि ती ज्याच्या कमरेला तो मालक. पुरा जन्म त्याने गेटवर काढला होता, त्याला दुसरं काय वाटणार! आणि इथे ती किल्ली चहाच्या भावात डबाभर पडलेली होती. तिला हसू आलं, आणि मग इतका राग आला की हसू विरून गेलं. तिने अंदाजाने दोनतीन मापांच्या काड्या निवडून घेतल्या.

तेव्हापासून रोजचं ठरून गेलं. बाप गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला की ती कोट चढवायची, पट्टी वर घ्यायची, पाटी आत सरकवायची, आणि भिंतीवर चिकटवलेल्या टिकलीवर नेम धरून पडून राहायची. गाल टेकला की काळा ठिपका भोकाच्या मधोमध यायचा. श्वास सुटायचा. अंगातली सगळी भांडणं जिथल्या तिथे थांबायची. जगात तिच्या मापाची तेवढी एकच जागा होती आणि ती रोज तासभरासाठी तिला चोरावी लागत होती.

कौसल्या दाराशी बसून तांदूळ निवडायची. तिने पाहिलं होतं. ती एकच वाक्य बोलायची, "परत लाव ग नीट." आणि धम्मदीना नीट लावायची. गाल चार, खांदा सहा. एकदाही तिने त्यात केसभर फरक पडू दिला नाही. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. चोरी पकडली जाईल ही भीती होतीच. पण भावाला हरवायचं तर सरळ हरवायचं, असा एक ताठाही होता.

रविवारी रेंजवर ती बापासमोर पंचशीलच्या नंबरवर मान ताणून खेळायची आणि त्याच्या थोडी मागे राहायची. धोंडिबा खूश. पंचशील तर हवेत. "बस, आता फौजदारीणबाईंची हवा निघाली," तो सगळ्यांदेखत म्हणायचा. ती दात आवळून कागद गोळा करायची.

थंडी पडली, ट्रायल उद्यावर आली. आदल्या संध्याकाळी सुधाकरजींनी आपला जुना शूटिंगचा कोट पाठवून दिला. पंचशीलने शर्टावर खेळायचं ठरवलं होतं, पण धोंडिबाला ते रुचेना. "सगळी पोरं कोट घालून येतील. माझा पोरगा काय उघडा बसणार? हा घाल. मर्दाचा आहे."

पंचशीलने स्वेटरवर कोट चढवला आणि आरशापुढे उभा राहिला. खांद्यावर जाड रबराची पट्टी, कोपरांवर चामडं. भारी दिसत होता. रायफल पेटीत कुलूपबंद होती, आणि ती काढून बघायचं त्या दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही.

धम्मदीनाला मात्र पाहताक्षणी कळलं. बनियनवर बसवलेला दस्ता, वर आता स्वेटर आणि हा कोट. खांदा पुढे आला, म्हणजे दस्ता तेवढा लांब झाला. गाल मागे पडणार, डोळा भोकापासून दूर जाणार, मान अवघडणार. पाटी दोन आकडे आत घ्यायला हवी होती. बस, एवढंच. ती तोंड उघडून बोलणार होती. तेवढ्यात पंचशील आरशातूनच तिला म्हणाला, "काय बघते? तुझ्या लग्नात हाच घालून नाचीन."

तिने तोंड मिटलं.

सकाळी महूच्या रेंजवर धुकं होतं. ठिकठिकाणची पोरं आली होती, काहींच्या रायफली पाहूनच धडकी भरावी. नेमबाजांच्या चटयांमागे दोर बांधला होता. नातेवाईक आणि वाट पाहणारे दोराच्या मागे. पहिल्या फेरीत पंचशील, दुसऱ्या फेरीत त्याच रायफलीवर धम्मदीना. तयारीची वेळ सुरू झाली आणि पंचशील चटईवर झोपला. त्याने रायफल खांद्याला लावली, काढली, पुन्हा लावली. मान पुढे ताणली. पाठीवरूनच कळत होतं की त्याला जागा सापडत नाहीये.

धोंडिबा दोराला चिकटून उभा होता, जुडगं कमरेला. किल्ली हाताच्या अंतरावर होती, वेळही होता. धम्मदीना त्याच्या शेजारी उभी होती.

आणि तेव्हा ती बोलली. मोठ्याने, आजूबाजूच्या चार माणसांना ऐकू जाईल असं, ओठांच्या कोपऱ्यात हसून, गेले कित्येक महिने ती ज्या आवाजात त्याला टोचत होती अगदी त्याच आवाजात. "दादा, पाटी दोन नंबर आत घे हं! मर्दाचा कोट घातलायस!"

कुणीतरी हसलं. पंचशीलची मानेमागची कातडी लाल झाली. त्याने वळून पाहिलं. "तुला तेच पाहिजे ना? आखरी टाइमला नंबर हलवू म्हणतेस?"

"गप्प बस!" धोंडिबा तिच्यावर खेकसला. मग मुलाला म्हणाला, "ऐकू नको तिचं. मी लावलेत नंबर. पड शांत."

ती गप्प बसली.

पंचशील पडला. पहिल्या गोळ्या डाव्या कडेला गेल्या. त्याने नेम फिरवला, मग त्या उजवीकडे सांडल्या. तो उठून बसला, घाम पुसला, पुन्हा पडला. अर्ध्यातच त्याच्या मानेला कळ लागली असणार, कारण प्रत्येक गोळीनंतर तो डोकं खाली टाकत होता. फेरी संपली तेव्हा तो चटईवर तसाच पडून राहिला आणि रेंजच्या माणसाने त्याच्या खांद्याला हात लावून त्याला उठवलं. कागद बघायलाही तो गेला नाही.

"दुसरी फेरी!" पुकारा झाला.

धम्मदीना दोराखालून आत गेली. चटईवर बसली, कोटाच्या खिशातून वाकडी काडी काढली आणि सगळ्यांसमोर, घाई न करता, स्क्रू सैल केले. पट्टी वर. पाटी आत. मागे जुडगं खुळखुळल्याचा आवाज आला. धोंडिबाने आपसूक कमरेला हात लावून आपली किल्ली चाचपली होती. ती जागेवर होती. त्याने मुलीच्या हाताकडे पाहिलं, पुन्हा जुडग्याकडे पाहिलं. दोराच्या आत त्याला जाता येत नव्हतं. त्याने लायसन्स माझं म्हणून ओरडायला तोंड उघडलंही असेल, पण सुधाकरजी काठी टेकत शेजारी येऊन उभे राहिले होते, आणि शब्द दिलेला होता.

तिने मागे पाहिलंच नाही. गाल टेकला. काळा ठिपका मधोमध आला.

दुपारी निकाल लागला, आणि रेल्वेची जागा तिची झाली.

घरी येईपर्यंत संध्याकाळ झाली होती. कौसल्याने बातमी ऐकली, मुलीच्या तोंडात साखर घातली आणि मुलाकडे पाहून रडायला लागली. धोंडिबा खुर्चीवर बसला. जुडगं मांडीवर घेऊन त्याने नखाने ती छोटी किल्ली कडीतून ओढून काढली. बराच वेळ लागला. मग ती टेबलावर ठेवून त्याने मुलीकडे सरकवली. त्याला याहून जास्त काही येत नव्हतं, आणि एवढंसुद्धा त्याने जन्मात कुणासाठी केलं नव्हतं.

"घे," तो म्हणाला. "आता तुझी."

तिला कळलं, तो काय देत होता ते. कळूनही तिच्याने राहवलं नाही. इतक्या महिन्यांचा राग असा एका किल्लीत थोडाच फिटतो! "नको. माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "सियागंजात डबाभर मिळतात, बाबा. कुणालाही देतात."

धोंडिबा हातातल्या उरलेल्या किल्ल्यांकडे बघत राहिला. मोठ्या गेटची, गोदामाची, टाइम ऑफिसची. त्याचा चेहरा पाहून तिला वाटलं की आपण बोलायला नको होतं, आणि तरी पुन्हा वेळ आली तर आपण हेच बोलू.

पंचशील दारात कोटाची बटणं काढत उभा होता. तो आत आला नाही. "एक विचारू?" तो म्हणाला. आवाजात भांडण नव्हतं, त्यामुळे ती जास्त सावध झाली. "पाटी आत घे म्हणालीस. ते खरं होतं?"

"खरं होतं."

"कधी कळलं तुला?"

ती खोटं बोलू शकली असती. "काल संध्याकाळी. तू आरशापुढे होतास तेव्हा."

"मग काल का नाही सांगितलंस?" त्याने शेवटचं बटण काढलं. "आणि आज सांगितलंस ते तसं का सांगितलंस, धम्मा?"

धम्मा म्हणून त्याने तिला लहानपणानंतर कधी हाक मारली नव्हती. तिच्याकडे उत्तर होतं आणि ते तिला दोराजवळ उभं असतानाच माहीत होतं. तो ऐकणार नाही अशाच आवाजात ती खरं बोलली होती. सरळ हरवायचं म्हणून महिनोन् महिने आकडे जपले, आणि शेवटच्या क्षणी त्याच्या ताठ्यावर नेम धरला. तो नेम चुकला नव्हता.

"सांगितलं तर होतं," ती म्हणाली.

पंचशीलने मान हलवली. कोट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि तो बाहेर निघून गेला.

रायफल साफ करायची राहिली होती. तिने चटई टाकली, नळीतून फडकं फिरवलं, लोखंडाला तेल लावलं. मग खिशातली काडी काढून तिने पट्टी खाली घेतली, चारवर आणली. पाटी मागे सरकवली, सहावर आणली. स्क्रू आवळायला लागली आणि तिचे हात थांबले. हे नंबर उद्या कुणाला लागणार होते?

स्वयंपाकघरातून कौसल्या डोळे पुसत, सवयीने म्हणाली, "परत लाव ग नीट."

"लावलं, आई," ती म्हणाली, आणि तिने स्क्रू आवळले.